उत्तरतालिका नसलेला पेपर : नांदेड-लातुरातून सॉफ्टवेअरचं संशोधन

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, मधले 'बरं का' आणि 'म्हणजे' तेवढे कमी केलेत.)

कोणी एसटीत हेडफोन लावून बसला असेल, कोणी रूमवर, कोणी मेसच्या रांगेत. जिथे असाल तिथे निवांत ऐका. आजचा विषय थोडा लांबचा वाटेल, पण तुमच्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात तो कधी ना कधी येऊन गेलाय.

तीन मेसेज वाचून दाखवतो. पहिला : "सर, सॉफ्टवेअरमध्ये पीएचडी करून लोक करतात तरी काय?" दुसरा : "आपल्या नांदेडला राहून खरं संशोधन होतं का, की त्यासाठी आयआयटीच पाहिजे?" तिसरा मेसेज मला नवीन नाही. तो मी माझ्या घरात वर्षानुवर्षं ऐकलाय : "सगळी पोरं पुण्याला नोकरीला लागली, अन् हा अजून शिकायलाच का?"

मी लातूर जिल्ह्यातला. वडील सोयाबीन आणि तुरीचे शेतकरी. इंजिनिअरिंग इथेच, एम.टेक. इथेच, पीएचडीही मराठवाड्यातच. विषय सॉफ्टवेअर टेस्टिंग. आज शिकवतो आणि संशोधन करतो. तेव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देण्याइतकं मी यातलं बघितलंय. चला, सुरुवात करू.

आधी, हे काम असतं काय?

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे काय, ते आता गावातल्या आजीलाही माहीत आहे. पुण्याला असतो, लॅपटॉप असतो, शनिवार-रविवार सुट्टी असते. मग सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा संशोधक कोण?

असं बघा. गवंडी घर बांधतो. आता आपल्याकडचा किल्लारीचा भूकंप आठवा, ३० सप्टेंबर १९९३. तुमच्यातल्या बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता, पण घरात ऐकलं असेलच. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर कोणीतरी गावोगाव फिरून बघतं की कोणती भिंत पडली, कोणती उभी राहिली, आणि का. तो माणूस गवंडी नाही. पण त्याचं काम झालं नाही, तर पुढचा गवंडी पुन्हा तशीच भिंत बांधेल. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा संशोधक हे दुसरं काम करतो. सॉफ्टवेअर कुठे पडतं, का पडतं, पडायच्या आधी कसं ओळखायचं, आणि ते बांधणारी माणसं एकत्र काम करताना कुठे अडखळतात, हा त्याचा अभ्यास.

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रूढ झाला १९६८ मध्ये. पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटो संघटनेनं एक परिषद भरवली होती. सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, बजेटात बसत नाही आणि झालंच तर नीट चालत नाही, ही त्या काळातली रड होती. आज तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचीही तीच रड आहे, म्हणजे बघा विषय किती टिकाऊ आहे.

आता एक उदाहरण. ४ जून १९९६. युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि जेमतेम ४० सेकंदांत आकाशात फुटलं. कारण काय? जुन्या एरियान ४ मधला कोड तसाच उचलला होता. त्यात एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जात होती. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. जुनं रॉकेट वेगळ्या मार्गानं उडायचं, आकडा लहान राहायचा, सगळं सुरळीत. नव्या रॉकेटचा आकडा मोठा निघाला. कोड जुन्या जागी बरोबर होता, नव्या जागी चुकीचा ठरला. मग संशोधकाचा प्रश्न असा : एका जागी तपासलेला कोड दुसऱ्या जागी नेताना काय काय पुन्हा तपासायचं? हे ठरवायची पद्धत काय? ती पद्धत खरंच काम करते, हे सिद्ध कसं करायचं?

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कल्पना सगळ्यांनाच सुचतात. ती कल्पना खरी आहे हे दाखवण्यात माणसाची वर्षं जातात.

लातूर पॅटर्न आणि संशोधन

आपल्याकडे 'लातूर पॅटर्न' हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. भरपूर सराव, पेपरवर पेपर, आणि प्रत्येक पेपरनंतर चुकांची झाडाझडती. त्याला नावं ठेवणारे खूप आहेत. मी ठेवणार नाही. या पद्धतीनं खेड्यातल्या किती पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलंय, ते आपण डोळ्यांनी बघितलंय.

आणि गंमत सांगू का? त्यातली एक सवय टेस्टिंगच्या संशोधनात थेट उपयोगी पडते. आमचे सर पेपर तपासून झाला की विचारायचे, "चूक कुठे झाली? वाचताना, सूत्रात, की आकडेमोडीत?" चुकांचे प्रकार पाडायचे आणि कोणता प्रकार परत परत येतो ते बघायचं. मी पुढे पीएचडीत सॉफ्टवेअरच्या चुकांचं वर्गीकरण शिकलो, तेव्हा ते मला ओळखीचं वाटलं.

पण एक गोष्ट अगदी उलटी आहे. पॅटर्नमध्ये प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं आणि ते कोणाकडे तरी छापील असतं. परीक्षेनंतर उत्तरतालिका लागते, आपण जुळवतो, गुण मोजतो. संशोधनात उत्तरतालिका नसते. इतकंच काय, प्रश्नपत्रिकाही नसते. प्रश्न तुम्हीच काढायचा, उत्तर तुम्हीच शोधायचं, आणि ते बरोबर आहे हे अनोळखी लोकांना पटवायचं. आपल्याकडची हुशार पोरं इथे बिचकतात. बुद्धी कमी नसते, पण "प्रश्न काय काढू?" असं आजवर त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. गाइडकडे जातात आणि म्हणतात, "सर, टॉपिक द्या." टॉपिक मिळतो, पण तो परक्याचा असतो, आणि परक्याच्या प्रश्नावर पाच वर्षं काढणं फार जड जातं.

म्हणून आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. या क्षेत्रातलं करिअर पदवीवर किंवा पेपरांच्या संख्येवर उभं राहत नाही. ते तुमच्या स्वतःच्या एका प्रश्नावर उभं राहतं.

एका धाग्यावर वीस वर्षं

हे नुसतं बोलणं वाटू नये म्हणून एक खरं उदाहरण देतो, महाराष्ट्रातलंच.

इंजिनिअरिंगला सिस्टिम प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांना धामधेरे हे नाव माहीत असतं. डी. एम. धामधेरे यांचं 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स'. आमच्या लायब्ररीत त्याच्या प्रती वापरून वापरून सुट्या झाल्या होत्या. आम्ही ते परीक्षेसाठी वाचलं. लेखक स्वतः आयआयटी मुंबईत संशोधन करणारा माणूस आहे, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचा एक प्रश्न साध्या भाषेत सांगतो. प्रोग्रॅममध्ये दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेनं गेलं तर एकच गुणाकार दोनदा होतो, दुसऱ्या वाटेनं गेलं तर एकदाच. मग तो गुणाकार कुठे हलवला म्हणजे कुठल्याच वाटेवर दोनदा होणार नाही? १९७९ मध्ये मोरेल आणि रेनव्हाज या दोन संशोधकांनी यावर एक पद्धत मांडली. धामधेरे यांनी ती सुधारली, सोपी केली, आणि त्यांचे त्यावरचे १९८८ आणि १९९१ चे लेख जगभरच्या कंपायलरवाल्यांनी वाचले.

त्यांच्याच हाताखाली उदय खेडकर यांनी पीएचडी केली. त्यांचं शिक्षण बघा : बी.ई. जबलपूरच्या सरकारी कॉलेजातून, एम.टेक. पुणे विद्यापीठातून, पीएचडी आयआयटी मुंबईतून. १९९४ मध्ये या गुरु-शिष्यांचा एकत्र लेख आला, प्रोग्रॅममध्ये माहिती कशी वाहते याच्या विश्लेषणाचा सर्वसाधारण सिद्धांत मांडणारा. पुढे २००७ मध्ये तोच विचार मेमरीतल्या 'हीप' नावाच्या भागापर्यंत गेला. २००९ मध्ये अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबत 'डेटा फ्लो ॲनॅलिसिस' हे पुस्तक आलं. २०१२ मध्ये पॉइंटरवर काम. सी शिकताना तुम्हाला ज्यानं रडवलं, तोच पॉइंटर. मध्ये जीसीसी या मुक्त कंपायलरचा आतला भाग इतर कॉलेजांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना समजावा म्हणून कार्यशाळाही घेतल्या.

आता साल जोडून बघा. १९९४, २००७, २००९, २०१२. वीस वर्षांत धागा एकच : प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून, त्याच्याबद्दल खात्रीनं काय सांगता येतं? संशोधकाचं करिअर असं दिसतं. पगाराची पायरी आणि पदाचं नाव त्याच्या मागून येतं.

आणि हे फक्त विद्यापीठातच होतं असंही नाही. १९८१ मध्ये पुण्यात टाटांचं एक संशोधन केंद्र सुरू झालं, टीआरडीडीसी. त्याच साली नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोविंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, आपलं एसजीजीएस. पुण्याच्या टीसीएस रिसर्चच्या लोकांनी 'व्हेरिॲब्ज' नावाचं साधन बनवलं. ते सी भाषेतला प्रोग्रॅम वाचून सांगतं की अमुक चूक यात कधीच घडू शकत नाही, किंवा घडते ती अशी. दरवर्षी अशा साधनांची जागतिक स्पर्धा होते. २०२० मध्ये त्यातल्या 'रीचसेफ्टी' गटात हे पुण्याचं साधन पहिलं आलं. युरोपातल्या नामवंत विद्यापीठांच्या पुढे. अशी बातमी आपल्याकडे पेढे वाटून साजरी होत नाही, म्हणून सांगितली.

आता पैशाचं बोलू

संशोधनाची गोष्ट कोणी गोड गोड सांगायला लागलं की समजायचं, पैशाचं लपवतोय. मी लपवणार नाही.

बी.ई. झाल्यावर गेट देऊन एम.टेक. केलंत तर महिना १२,४०० रुपये मिळतात. पीएचडीला नेट-जेआरएफ असेल तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतर ४२,०००. शिवाय आपल्या राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत. आपण कशात बसतो, जाहिरात कधी निघते, यावर लक्ष ठेवायचं. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.टेक. न करताही पीएचडीला अर्ज करता येतो. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत मात्र चुकत नाही. आपल्या भागाचं विद्यापीठ म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनी, ते वेगळं झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत, आणि लातूरजवळ पेठला उपकेंद्र आहे.

कायम सहायक प्राध्यापक झालात तर सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो. ऐकायला बरं वाटतं. पण कायम होणं हाच मधला मोठा घाट आहे. तोवर बहुतेकांच्या वाट्याला येतं 'तासिका तत्त्व', ज्याला आपण सीएचबी म्हणतो. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. दिवाळीची सुट्टी तुमच्या खिशातून, उन्हाळाही तुमच्या खिशातून. मीही त्यातून गेलोय. सकाळी शिकवायचं, दुपारी लॅबमध्ये, रात्री वडिलांचा फोन : "कायम कधी व्हायलास?" या प्रश्नाला माझ्याकडे तारीख नव्हती.

हे घाबरवायला सांगत नाही. घरातली जबाबदारी मोठी असेल तर दोन-तीन वर्षं नोकरी करून मग या, काही बिघडत नाही. उलट कंपनीत काम करून आलेल्याला प्रश्न पटकन सापडतात, कारण भिंत पडताना त्यानं जवळून बघितलेली असते.

"सर, सात दिवसांत पब्लिश"

आता ज्यासाठी हा भाग केला, ते सांगतो.

पीएचडीला नाव नोंदवलं की काही दिवसांत फोन सुरू होतात. "सर, इंटरनॅशनल जर्नल आहे. सात दिवसांत पब्लिश, सर्टिफिकेटसकट. दोन पेपर दिले तर डिस्काउंट." बोलणारा अगदी आदबीनं बोलतो. पेपर तयार नसेल तर तोही लिहून मिळतो. आणि हे घेणारी माणसं वाईट नसतात बरं का. घरी लेकरं असतात, मुलाखत तोंडावर असते आणि मुलाखतीत पेपर मोजले जातात.

हा धंदा किती मोठा होता बघा. यूजीसीनं मान्य जर्नल्सची एक यादी केली होती. मे २०१८ मध्ये त्यातून एका झटक्यात ४,३०५ जर्नल्स वगळली. त्याच्या आधी मार्चमध्ये भूषण पटवर्धन आणि पुणे विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला होता. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सचा नमुना घेऊन त्यांनी तपासणी केली, तर ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची निघाली. मग 'यूजीसी-केअर' ही नवी यादी आली, पुण्यातूनच चालायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता चांगलं जर्नल कोणतं, हे ठरवायची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर. २०२२ पासून प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापून आलाच पाहिजे ही यूजीसीची सक्तीही गेली. तरी फोन थांबलेले नाहीत, कारण मोजणारे थांबलेले नाहीत.

एका कॉलेजात मी मुलाखतीला गेलो होतो. नाव घेत नाही, गरजही नाही. समोर पाच जण. माझी फाईल उघडली आणि पेपर मोजले. दोन. शेजारच्या उमेदवाराचे सतरा. एकाही पेपराचं नाव कोणी वाचलं नाही, आत काय आहे ते कोणी विचारलं नाही. दहा मिनिटांत मी बाहेर. जागा सतरावाल्याला गेली, आणि मी आणखी दोन वर्षं तासिकांवर काढली.

त्या रात्री घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी शेतकऱ्याच्या हिशेबानं विचारलं, "तुझे दोन अन् त्याचे सतरा, मग तुझं बियाणं चांगलं होतं हे कळणार कधी?" मी म्हटलं, "उगवल्यावर." ते म्हणाले, "मग उगवू दे." एवढंच. मला मानणारा पहिला परीक्षक तो.

आता यातून तुम्ही काय घ्यायचं? एक खूण सांगतो. पैसे घेणारं प्रत्येक जर्नल खोटं नसतं. काही नामवंत जर्नल्सही लेख सगळ्यांना मोफत वाचता यावा म्हणून शुल्क घेतात. खरी खूण म्हणजे परीक्षकांच्या सूचना. खऱ्या ठिकाणी दोन-तीन अनोळखी माणसं तुमचा पेपर ओळ न् ओळ वाचतात आणि झोडपतात. माझा एक पेपर नाकारला गेला तेव्हा तीन पानं सूचना आल्या होत्या. एकानं लिहिलं होतं, त्याचा मतितार्थ असा : तुम्ही निवडलेल्या ॲप्सवरून बाकीच्या ॲप्सबद्दल कसं बोलता येईल? त्या एका प्रश्नानं मला जे शिकवलं, ते सात दिवसांच्या सर्टिफिकेटात मिळत नाही. नकार आला तरी तुमचं काम कोणीतरी वाचलेलं असतं. विकत घेतलेला होकार आला तर ते कोणीच वाचलेलं नसतं.

'क्षितिज' किती अक्षरांचं?

आता दुसऱ्या मेसेजकडे येतो. नांदेड-लातुरात बसून हे होतं का?

रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, महागडी यंत्रं लागतात. आपल्या विषयाचा कच्चा माल मात्र फुकट आहे. गिटहबवर लाखो प्रोजेक्टचा कोड उघडा पडलाय, कोणती चूक कधी सापडली, कोणी दुरुस्त केली, सगळा इतिहास आहे. २०१४ मध्ये 'डिफेक्ट्सफोरजे' नावाचा संच आला. जावाच्या पाच खऱ्या प्रोजेक्टमधल्या ३५७ खऱ्या चुका, दुरुस्तीसकट. जगातल्या मोठ्या विद्यापीठांतले लोक तो वापरतात, तुम्हीही आज रात्री डाउनलोड करू शकता. बरेच पेपर लेखकांच्या संकेतस्थळावर किंवा 'अर्काइव्ह'वर मोफत असतात. या विषयाची जगातली सगळ्यात मोठी परिषद, आयसीएसई, २०१४ मध्ये हैदराबादला झाली होती. नांदेडहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. भारताची स्वतःची आयसेक ही परिषदही २००८ मध्ये हैदराबादपासूनच सुरू झाली.

आणि प्रश्न? प्रश्न तर इथे दारात पडलेत. माझा कुठे सापडला सांगतो.

'क्षितिज' हा शब्द किती अक्षरांचा? तुम्ही म्हणाल तीन : क्षि, ति, ज. पायथॉनला विचारा, तो म्हणेल सात. कारण युनिकोडमध्ये क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असे सात तुकडे साठवलेले असतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एकवीस. आता एखाद्या फॉर्मनं नावाला आठ 'कॅरॅक्टर'ची मर्यादा घातली आणि कोणी 'श्रीकृष्ण' लिहिलं, तर त्याचे तुकडे होतात नऊ. शेवटचा ण उडतो, आणि उरतं 'श्रीकृष्' असं पाय मोडलेलं नाव.

आणखी एक. 'बोऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला तो अर्धा र संगणकात तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो, आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एका कीबोर्डवरून टाईप केलं आणि दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, तर ज्या सॉफ्टवेअरनं ही अडचण ध्यानात घेतलेली नाही, ते सांगतं : रेकॉर्ड सापडलं नाही. माणूस समोर उभा आहे, कागद हातात आहे, आणि पडदा म्हणतोय की तू नाहीस.

यात प्रोग्रॅमरला नावं ठेवून भागत नाही. त्यानं टेस्ट लिहिल्या होत्या, पण सगळ्या 'जॉन' आणि 'मेरी'वर. मग प्रश्न उभा राहिला : इंग्रजी नावांवर पास झालेलं सॉफ्टवेअर देवनागरीत कुठे कुठे मोडतं, आणि ते शोधणाऱ्या टेस्ट आपोआप तयार करता येतील का? एरियानचीच गोष्ट ही. एका जागी बरोबर असलेला कोड दुसऱ्या जागी नेला. हा प्रश्न मला कोणी दिला नाही. कचेऱ्यांच्या रांगेत, झेरॉक्सच्या दुकानात, घरच्यांचे फॉर्म भरताना तो गोळा झाला. परदेशातल्या संशोधकाला तो वाचून समजेल, पण सुचणार नाही. इथे असण्याचा फायदा तो हाच.

त्या कामात मी एका मुक्त प्रोजेक्टला एक चूक कळवली, ती दाखवणाऱ्या टेस्टसकट. काही आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : चूक पटली, दुरुस्ती केली, टेस्ट आमच्यात घेतली. सर्टिफिकेट नाही, शिक्का नाही. पण ती टेस्ट आता दर वेळी तिथे चालते, मी झोपेत असलो तरी. वडिलांना म्हटलं, "उगवलं."

मग तुम्ही काय करायचं?

चार कामं सांगतो, याच सेमिस्टरमध्ये करण्यासारखी.

पहिलं, एक मुक्त प्रोजेक्ट निवडा, तुम्ही स्वतः वापरता असा. महिनाभर त्याच्या चुकांची यादी वाचा. कोड लिहायची घाई नको. कोणती चूक परत परत येते, त्याची वही करा. लातूर पॅटर्नचंच काम आहे, फक्त पेपर दुसऱ्याचा.

दुसरं, आठवड्याला एक पेपर वाचा, आयसीएसई किंवा आयसेकचा. सगळा कळणार नाही. तीनच प्रश्न विचारा : यांनी नक्की काय विचारलं? उत्तर खरं आहे हे कशावरून? आणि हे माझ्या भाषेला, माझ्या गावातल्या वापरणाऱ्याला लागू पडेल का? तिसऱ्या प्रश्नातून तुमचं काम निघायची शक्यता सगळ्यात जास्त.

तिसरं, संख्याशास्त्र आणि इंग्रजी लेखन. आपली पोरं कोडिंगला कमी पडत नाहीत, इथे पडतात. रोज अर्धा तास दिलात तर वर्षात फरक दिसतो.

चौथं, गाइड निवडताना नाव आणि पद बघू नका. त्यांच्या शेवटच्या दोन विद्यार्थ्यांना भेटा. "सर तुमचा मसुदा वाचायचे का?" एवढंच विचारा. ज्याचा गाइड वाचतो त्याचं निभावतं.

आणि हो, आजकाल विचारतात, "आता एआयच कोड लिहितं, मग या विषयाला भविष्य काय?" अहो, भिंती बांधायचा वेग दहापट झालाय. मग भिंत पडेल की उभी राहील हे बघणारा जास्त लागेल की कमी? यंत्रानं लिहिलेल्या कोडवर विश्वास कधी ठेवायचा, हा येत्या काही वर्षांतला मोठा प्रश्न आहे, आणि त्याचीही उत्तरतालिका अजून कोणाकडे नाही. नांदेडच्या पोराकडे नाही तशी कॅलिफोर्नियातल्या पोराकडेही नाही.

आजच्यासाठी इतकंच. तुम्हाला रोजच्या वापरात खटकलेली सॉफ्टवेअरची एखादी गोष्ट असेल, तर एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन पाठवा. तक्रार नको, प्रश्न पाठवा. त्यातले काही पुढच्या भागात घेऊ आणि त्यांचं संशोधन कसं होईल ते बोलू. तोवर मेसचं वेळेवर जेवा, आणि सात दिवसांवाला फोन आला तर नम्रपणे सांगा, "आमचं अजून पेरणीतच आहे." भेटू.